माहेर-सासरचं वळण आणि नवरा-बायकोचं वागणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न ठरलेल्या, लग्न झालेल्या आणि लग्न टिकेल की नाही या काळजीत असलेल्या माणसांशी बोलणं हे माझं काम आहे. पत्रांतून, फोनवर, कधी कार्यक्रम संपल्यावर जिन्यात गाठून लोक जे विचारतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत, ओळख पटेल असा तपशील काढून टाकलाय. क्रमाने वाचायची गरज नाही. मात्र तुमच्या घरात मारहाण होत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न ८ वाचा.

१. लहानपणी घरात जे पाहिलं, त्याचा तीस वर्षांनी बायकोशी वागण्यावर खरंच परिणाम होतो का? मोठेपणी माणसाला स्वतःची अक्कल असते ना?

असते. पण संसारात अक्कल चालवून वागण्याचे प्रसंग थोडे आणि सवयीने वागण्याचे फार. थकून घरी आल्यावर दार उघडणाऱ्या माणसाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, आमटी खारट झाली तर ते कसं सांगायचं, ती तापाने फणफणली तर रजा कोणी टाकायची, हे कोणी बसून ठरवत नाही. ते आधीच ठरून आलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते लहानपणच्या घरात ठरलेलं असतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली स्टॅनफर्डमध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाला एका फुगवलेल्या बाहुल्याला मारताना पाहिलेली लहान मुलं नंतर स्वतःही त्याला तशीच मारू लागली. त्यांचा १९६५ सालचा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात मारणाऱ्याला शिक्षा होताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनी नक्कल कमी केली. पण नंतर ‘तो कसा मारत होता ते करून दाखवलंस तर बक्षीस देऊ’ म्हटल्यावर त्यांनाही ते सगळं येत होतं. म्हणजे पाहिलेलं आत साठलेलं होतं, बाहेर यायला संधी नव्हती. दहा वर्षांचा मुलगा वडिलांसारखा घरावर ओरडत नाही, कारण ओरडून घ्यायला त्याच्या हाताखाली कोणी नसतं. नवरा झाल्यावर ती जागा त्याला आयती मिळते. ‘लग्नाआधी तो असा नव्हता हो’ असं मुली सांगतात ते बऱ्याचदा खरंच असतं.

२. माझ्या सासरची माणसं शिकलेली, देवधर्म करणारी, शब्दाला जपणारी. मग इतक्या चांगल्या घरातला माझा नवरा मला चारचौघांत टोचून का बोलतो?

मुलापर्यंत तीन गोष्टी पोचतात: घरात त्याला जे सांगितलं जातं, जे तो पाहतो आणि त्याच्याशी जसं वागलं जातं. आपण पहिलीलाच वळण समजतो. ‘बायकांचा मान ठेवावा’ हे त्याला सांगितलेलं असतं. आई मत मांडायला लागली की बाबा ‘तुला काय कळतं त्यातलं’ म्हणतात, हे तो पाहतो. आणि दहावीला गणितात मार्क कमी पडले, तेव्हा पाहुण्यांसमोर त्याचीच खिल्ली उडवली गेली, हे त्याने सोसलेलं असतं.

या तिघांत जड काय? अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली ग्रामीण कुटुंबं रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं अभ्यासली, मुलं बारा-तेरा वर्षांची होती तिथपासून ती विशीत जोडीदाराबरोबर कशी वागतात तिथपर्यंत. २००० साली आलेल्या निष्कर्षांत असं दिसलं, की आईवडील आपसात कसे वागत यापेक्षा ते मुलाशी किती मायेने आणि लक्ष घालून वागत, याचा मुलाच्या पुढच्या नात्याशी जास्त थेट संबंध होता. माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांच्या बाबतीतही मला हेच दिसत आलंय. ज्याची चूक घरात पदरात घेतली गेली, तो बायकोची चूक पदरात घेतो. ज्याच्या चुकीचा बाजार झाला, तो तिच्या चुकीचा बाजार मांडतो, आणि आपण काही वावगं केलं असं त्याला वाटतही नाही.

म्हणून नवऱ्याला ‘तुझे बाबा आईशी असंच वागायचे ना?’ असं विचारू नका. तो लगेच बचावाला उभा राहतो. ‘तुझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी घरात काय झालं होतं?’ असं विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. याने त्याचं टोचून बोलणं माफ होत नाही. पण बोलायला जागा मिळते.

३. मग एकाच घरातले दोन भाऊ इतके वेगळे कसे? माझा दीर मवाळ आहे, नवरा जमदग्नी.

पत्ता एक असला तरी दोघांचं घर एक नसतं. थोरला जन्मला तेव्हा वडिलांची नोकरी गेलेली असेल, धाकट्याच्या वेळी हात सैल झालेला असेल. एकाला ‘तू मोठा ना’ म्हणून दाबलं गेलं असेल, दुसरा आजीच्या कुशीत वाढला असेल. शिवाय मुळातला स्वभाव प्रत्येकाचा वेगळा असतो, तान्हेपणीच दिसतो. आणि एकाच दृश्यातून दोन मुलं दोन गोष्टी घेतात. वडिलांचा आवाज चढला की एक ठरवतो, ‘मी असा होणार नाही’. दुसऱ्याला एवढंच कळतं, की आवाज चढवला की घर ऐकतं.

४. नवरा चिडला की आठ-आठ दिवस अबोला धरतो. सासरेही तसेच होते म्हणे. हे रक्तातच असतं का?

लवकर अस्वस्थ होण्याचा स्वभाव काही प्रमाणात जन्मजात असतो. आठ दिवसांचा अबोला मात्र शिकलेला असतो. ज्या घरात वडील गप्प झाले की आई त्यांच्या आवडीची भाजी करायची, पोरांना ‘आवाज करू नका’ म्हणायची आणि शेवटी आपली चूक नसताना माफी मागायची, त्या घरात मुलाला एक गोष्ट नीट समजते: गप्प बसलं की सगळे आपल्याभोवती फिरतात. दुसऱ्या घरात कारण उलटं असतं. तिथे बोललं की मार बसायचा, म्हणून मूल आत मिटून घ्यायला शिकलं. बाहेरून दोन्ही अबोले सारखेच दिसतात. पहिल्यात माणूस तुम्हाला शिक्षा करत असतो, दुसऱ्यात स्वतःला वाचवत असतो.

ओळखायचं कसं? शिक्षा करणारा तुमच्याशी बोलत नाही, पण मित्राशी फोनवर हसतो, मुलांच्या तोंडून निरोप पाठवतो आणि तुम्ही नमलात की लगेच मोकळा होतो. वाचवणारा कुणाशीच धड बोलत नाही, जेवण टाकतो, त्याची झोप उडते.

जोडप्यांच्या भांडणांचा अनेक दशकं अभ्यास केलेले जॉन गॉटमन यांनी दाखवलं आहे, की भांडणात हृदयाचे ठोके फार वाढले की माणसाला समोरचं नीट ऐकूच येत नाही. अशा वेळी निदान वीस मिनिटं थांबावं असं ते सुचवतात. तेव्हा थांबण्यात गैर काही नाही, फक्त ते सांगून थांबायचं. ‘मला आत्ता बोलता येणार नाही, रात्री जेवणानंतर बोलू’ एवढं वाक्य पुरतं, आणि रात्री खरंच बोलायचं. वाचवणाऱ्या नवऱ्यांना हे वाक्य मिळालं की फार सुटका वाटते. शिक्षा करणाऱ्यासाठी वेगळा मार्ग घ्यावा लागतो. त्याच्या गप्प बसण्याभोवती घर फिरवणं थांबवा. रोजचा स्वयंपाक, रोजच्या वेळा, मुलांशी हसणं-बोलणं चालू राहू दे. विनवणी नको आणि चूक नसताना माफी तर नकोच. हे करताना तुम्हाला भीती वाटत असेल, तर प्रश्न अबोल्याचा राहिलेला नाही. प्रश्न ८ बघा.

५. नवरा घरात काडी हलवत नाही. सासूबाईंनीच लाडावून ठेवलंय. दोष त्यांचाच ना?

हा प्रश्न इतक्या सुनांकडून येतो, की इथे थोडं थांबून बोलायला हवं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि करणारे पुरुष ९७ मिनिटं. मुळात ‘करणारे’ पुरुष होतेच शंभरात २६. इतक्या घरांतल्या इतक्या पुरुषांना एकेकट्या सासूबाईंनी बिघडवलेलं नाही. ज्या आईने मुलाला ताट उचलू दिलं नाही, तिने उचलू दिलं असतं तर तिच्या सासूने तिला काय ऐकवलं असतं, हेही विचारून पाहा. आणि त्या घरात एक बापही होता. त्याने ताट उचललं असतं, तर मुलाने पाहिलं असतं. दोष वाटताना आपण त्याला हमखास विसरतो.

आईच्या आयुष्याचा परिणाम होतो, हे मात्र खरं. राकेल फर्नांडेस, अलेस्सांद्रा फोली आणि क्लाउडिया ऑलिवेत्ती या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवलं, की ज्या पुरुषांच्या आया नोकरी करत होत्या, त्यांच्या बायकाही नोकरी करणाऱ्या असण्याची शक्यता जास्त होती. आई कामावर जाते, घर तरीही चालतं, हे पाहिलेल्या मुलाला बायकोच्या नोकरीचं ओझं वाटत नाही. आपल्याकडे मात्र कमावत्या आईच्या घरातही मुलगा बऱ्याचदा हेच पाहतो, की आई सातच्या लोकलने येते आणि चप्पल काढून थेट ओट्यापाशी जाते. तो यातून शिकतो, की बाईने नोकरीही करावी.

उपाय भांडणातून निघत नाही, वाटणीतून निघतो. ‘मदत कर’ म्हणू नका. मदत मागितली की काम तुमचंच राहतं. एखादं अख्खं काम सोपवा. दूध-भाजी आणायची, काय संपलंय ते लक्षात ठेवायचं, पैसे द्यायचे आणि फ्रिजमध्ये नीट लावायचं, सगळं त्याचं. पहिले काही आठवडे मेथीच्या जुड्या सडतील. सडू द्या. तुम्ही हात घातला की काम परत तुमच्याकडे येणार.

६. आम्ही न्यू जर्सीत राहतो. तिथे नवरा भांडी घासतो, मुलीची वेणी घालतो. सुट्टीत साताऱ्याला आलो की पाण्याचा पेलाही जागेवरून उचलत नाही. खरा कोणता?

दोन्ही खरे. जुन्या सवयी जुन्या जागेला चिकटलेल्या असतात. त्या ओसरीवर पाय ठेवला की तो पुन्हा त्या घरातला धाकटा मुलगा होतो, आणि आईच्या डोळ्यांदेखत बायकोचं काम करणं म्हणजे आईचा पाणउतारा असं त्याला आतून वाटत राहतं. हे पुण्या-मुंबईत राहून कोकणात गणपतीला जाणाऱ्यांच्या बाबतीतही होतं, त्याला समुद्र ओलांडावा लागत नाही.

यात एक जमेची बाजू आहे. तो बदलू शकतो हे त्याने तिकडे सिद्धच केलंय. निघायच्या आधी एका कामाचं ठरवा, एकाच. सकाळचा चहा तो करेल, घरातल्या सगळ्यांचा, आईचाही. ‘बायकोला मदत’ म्हणून केलं तर सासूबाईंना टोचेल. ‘आई, आज तू बस’ म्हणून केलं तर बहुतेक आया आधी नको नको म्हणतात आणि मग सांगत सुटतात. तुम्ही मात्र त्या वेळी ‘तिकडे तर रोज करतो’ असं बोलू नका.

७. लग्न ठरलंय. मुलाचे वडील आईला मारायचे, हे त्यानेच मला सांगितलं. तोही मारेल का?

धोका वाढतो, पण ते ठरलेलं नसतं. या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांनाही घरातली मारहाण पाहणं आणि पुढे स्वतः मारणं यांतला संबंध कमकुवत ते मध्यम एवढाच आढळला आहे. अशा घरांतून आलेले कितीतरी पुरुष आयुष्यभर हात उगारत नाहीत. उलटी बाजूही लक्षात ठेवा. शांत घरातून आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

त्याने स्वतःहून सांगितलं, हे फार मोलाचं आहे. आता तो ते कसं सांगतो त्याकडे लक्ष द्या. ‘बाबा चुकले, आईचे हाल झाले, मी दारामागे उभा असायचो’ असं सांगणारा माणूस आणि ‘बाबा तापट होते, पण आईही कमी नव्हती’ असं सांगणारा माणूस, यांत फार अंतर आहे. दुसऱ्याने मारण्याला कारण शोधून ठेवलंय. आजचं वागणंही पाहा. हॉटेलात वेटरकडून चूक झाली, मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला, तुम्ही एखाद्या गोष्टीला नाही म्हटलंत, तर काय होतं? तुमचा फोन तपासतो का? मैत्रिणींना भेटलात की रुसतो का? ‘रागाच्या भरात’ एकदा दंड धरून ओढलं असेल, तर लग्न पुढे ढकला. हॉल बुक झालाय, पत्रिका वाटल्यात, हे कारण पुरेसं नाही.

८. नवरा हात उचलतो. नंतर रडतो, म्हणतो ‘मी लहानपणी हेच पाहिलं गं’. मला त्याची दयाही येते. काय करू?

दया येणं साहजिक आहे. त्याचं लहानपण खरंच वाईट गेलेलं असू शकतं. पण तोच माणूस ऑफिसात साहेबावर हात उचलत नाही, म्हणजे हात आवरणं त्याला येतं. लहानपण कारण सांगतं, परवानगी देत नाही. तुम्ही एकट्याही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे चारांत एकीने नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे.

आता करायच्या गोष्टी. जीव धोक्यात असेल तर ११२ ला फोन करा. महिला हेल्पलाइन १८१ आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही. शिवीगाळ, अपमान, पैसे अडवणं, घराबाहेर काढणं हे सगळं त्यात येतं. घर तुमच्या नावावर नसलं तरी त्या घरात राहण्याचा हक्क हा कायदा देतो. तक्रारीसाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, त्यांचा क्रमांक १५१००. पोलिसांकडे थेट जायची भीती वाटत असेल, तर पोलीस यंत्रणेत समाजकार्यकर्त्या बसतात असे महिला आणि मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईत सुरू केलेलं हे काम पुढे राज्यभर पसरलं. दवाखान्यात गेलात तर जखम कशी झाली ते डॉक्टरांना खरं सांगा आणि कागदावर लिहून घ्या. ‘पाय घसरला’ म्हणू नका.

आणखी एक, आणि हे माझ्या कामाच्या विरुद्ध वाटेल: मारहाण चालू असताना जोडप्याचं एकत्र समुपदेशन घेऊ नका. समुपदेशकासमोर तुम्ही खरं बोललात, की त्याचा हिशोब घरी चुकता होतो. आधी तुमची सुरक्षितता, मग त्याने एकट्याने, स्वतःच्या पायांनी जाऊन घेतलेली मदत. ती घेतो का, हे पाहा. रडण्यावरून काही ठरवू नका.

९. सगळे नवऱ्यांबद्दलच बोलतात. मी स्वतः नवऱ्याला अगदी माझ्या आईसारखे टोमणे मारते. माझ्याच तोंडून तिचे शब्द येतात, भीती वाटते.

हे लिहिणाऱ्या बायकांबद्दल मला फार आदर आहे, कारण असं स्वतःकडे पाहायला धैर्य लागतं. तुमच्या आईला घरात सरळ मागण्याची सोय होती का? बहुतेकींना नव्हती. नव्या साडीबद्दल ‘मला हवी’ म्हणता येत नव्हतं, म्हणून ‘आमचं काय, आम्हाला कोण विचारतंय’ म्हणायची सवय लागली. तिच्या घरात टोमणा हेच बाईच्या हातातलं एकमेव हत्यार होतं. तुम्हाला तिची भाषा वारशात मिळाली, पण तुमच्याकडे तिची अडचण आता नसेल. तुमचा पगार आहे, तुमचा नवरा कदाचित ऐकणारा आहे, आणि तोंडात भाषा मात्र न ऐकणाऱ्या नवऱ्यासाठी घडलेली.

सहज होईल असं एक करून पाहा. टोमणा तोंडातून गेला की त्याच दमात त्याचं सरळ वाक्य बोला. ‘तुम्हाला काय, तुम्ही झोपा’ गेलं? लगेच म्हणा, ‘मला म्हणायचं होतं, आज मुलाचा अभ्यास तुम्ही घ्या.’ सुरुवातीला अवघड वाटेल. नवराही चमकेल. गॉटमन यांच्या अभ्यासात नात्याला सगळ्यात घातक ठरली ती तुच्छता: डोळे फिरवणं, नाक मुरडणं, ‘तुमच्याकडून दुसरी अपेक्षाच नाही’ असं म्हणणं. बाकी टोमण्यांना वेळ लागला तरी चालेल, हे वाक्य आजपासून बंद करा. आणि तुमचा टोमणा नवऱ्याच्या मारहाणीला किंवा शिवीगाळीला दिलेलं उत्तर असेल, तर हा प्रश्न तुमचा नाही. प्रश्न ८ बघा.

१०. माझे आई-बाबा कधीच भांडले नाहीत. मग माझा संसार इतका कसा हादरतो?

कदाचित ते मुलांसमोर भांडले नाहीत. तसं असेल तर तुम्ही भांडण पाहिलं नाही, आणि भांडण मिटताना तर अजिबात पाहिलं नाही. अशा घरांतून आलेल्या माणसांना पहिल्याच मोठ्या वादात ‘संपलं सगळं’ असं वाटतं. नवरा-बायकोंतले बरेच मतभेद आयुष्यभर सुटत नाहीत, त्यांच्यासकट नीट जगता येतं, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. दुसरी शक्यता अशी, की एक जण कायम गिळत होता. आता आईला निवांत विचारा, ‘तुला बाबांचं काय पटायचं नाही?’ उत्तर द्यायला ती किती वेळ घेते, तेही लक्षात घ्या.

११. आमचं लग्न नात्यातच झालं, मी मामाची मुलगी. सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. वळण एकच असायला हवं होतं, तरी खटके का?

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर लिहिताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या मधला प्रदेश मानलं. मामाच्या मुलीशी लग्न इथल्या अनेक समाजांत चालतं, उत्तरेत ते बहुतेक ठिकाणी निषिद्ध. असं लग्न करताना घरच्यांचा हिशोब हाच असतो: पोर ओळखीच्या घरात जाईल, आत्या सांभाळून घेईल.

पण आत्या तुमच्या आजोबांच्या घरातून निघाली त्याला चाळीस वर्षं झाली. त्यानंतर ती तिच्या सासूच्या हाताखाली घडली. तुमचा नवरा त्या दुसऱ्या घरात वाढला. एकच आहेत ते आजी-आजोबा आणि थोडेफार पदार्थ. उलट इथे एक जास्तीची गुंतागुंत असते. नवऱ्याची तक्रार केली की ती तुमच्या बाबांच्या बहिणीची तक्रार होते, त्यामुळे माहेरी मन मोकळं करायची वाट बंद होते. कधी कधी तर आत्या आपल्या भावाशी असलेला जुना राग भाचीवर काढते. अशा वेळी बोलायला दोन्ही घरांबाहेरचं माणूस शोधा, मैत्रीण किंवा समुपदेशक. वडिलांना पंच करू नका, त्यांच्याकडून ते होणार नाही.

१२. नवरा आजोळी वाढला / वसतिगृहात वाढला / एकट्या आईने वाढवला. अशा मुलांना संसार जमतो का?

जमतो. मुलाला निदान एका मोठ्या माणसाची भरवशाची माया मिळाली, तर पुष्कळ काही निभावतं, मग ती आजी असो, मावशी असो वा वसतिगृहाच्या रेक्टर बाई. एकट्या आईने वाढवलेल्या मुलांबद्दल स्थळं पाहताना जे बोललं जातं, ते अन्यायाचं आहे. वसतिगृहातल्या मुलांना कधी कधी जवळच्या माणसाकडे काही मागायचं कसं हे कळत नाही. आजारी पडले की एकटे जाऊन झोपतात. त्याला दुरावा समजू नका.

१३. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हे सगळं कसं कळणार?

त्या अर्ध्या तासात नाही कळणार. त्यानंतर दोघांनी निदान चार-सहा वेळा एकटं भेटा. ‘तुझे छंद काय’ यापेक्षा विचारण्यासारखं बरंच असतं. घरात आई आजारी पडली तर स्वयंपाक कोण करतं? पैशाचे निर्णय कोण घेतं, आणि आईला न विचारता खर्च करता येतो का? घरात भांडण झालं की आधी कोण बोलतं? लहानपणी सगळ्यात जास्त ओरडा कशाबद्दल बसला? घरात कोणी माफी मागितलेली आठवते का? उत्तर बरोबर की चूक हे शोधू नका. उत्तर देताना तो अडखळतो, हसण्यावारी नेतो की विचार करतो, हे पाहा. त्याच्या घरी जेवायला जा, आणि बायका कधी जेवतात ते बघा. मुलांनीही हेच सगळं मुलीला विचारावं, तिच्या घरीही जावं.

१४. नवरा समुपदेशनाला यायला तयार नाही. ‘मी काय वेडा आहे का’ म्हणतो.

तुम्ही एकट्या या. नात्यातल्या एकाने पावलं बदलली की दुसऱ्याला जुनीच पावलं टाकणं अवघड जातं. जवळ समुपदेशक नसेल किंवा परवडत नसेल, तर १४४१६ ही सरकारची मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा आहे. तिथे मराठीत बोलता येतं. प्रकरण न्यायालयात गेलं असेल तर कुटुंब न्यायालयातही विवाह समुपदेशक असतात. त्याला आणायचंच असेल तर ‘तुझं चुकतं म्हणून चल’ असं नको. ‘मला तुझ्याशी नीट बोलता येत नाही, मला शिकायला मदत कर’ असं म्हणून बरेच जण आलेत. बदलाला महिने लागतात. मध्ये जुनं वागणं परत येतं, विशेषतः दिवाळीत आणि लग्नसराईत, सगळं घर जमतं तेव्हा.

१५. आमची भांडणं मुलांसमोर होतात. आता त्यांचंही असंच होणार का?

मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांनी आईवडिलांच्या भांडणांच्या मुलांवर होणाऱ्या परिणामांवर खूप काम केलंय. त्यांना दिसलं, की भांडण मिटलेलं पाहिलं तर मुलांची अस्वस्थता बरीच कमी होते. आपण भांडतो मुलांसमोर आणि समेट करतो दार लावून. ते उलटं करा. ‘काल मी बाबांना वाईट बोलले, मी माफी मागितली’ हे मुलांच्या कानावर जाऊ द्या. शिव्या, वस्तू फेकणं, ‘निघून जाईन’ ही धमकी आणि मुलाला ‘सांग, कोण बरोबर?’ असं विचारणं, या चार गोष्टी मात्र नंतरच्या समेटाने भरून निघत नाहीत. मुलाशी तुम्ही स्वतः कसं वागता, तेही तितकंच महत्त्वाचं. प्रश्न २ मधला आयोवाचा अभ्यास पुन्हा वाचा.

१६. बाबा वारले. त्यांनी आमच्यासाठी हाडाची काडं केली. आता बायकोशी मी असा का वागतो हे शोधताना त्यांच्या चुका काढायच्या म्हणजे पाप वाटतं.

हा प्रश्न बहुधा मुलग्यांकडून येतो, आणि यायला फार उशीर लागतो. बाबांनी कष्ट केले हे खरं, आणि ते आईशी कधी धड बोलले नाहीत हेही खरं. एक वाक्य लिहून दुसरं खोडायची गरज नाही. त्यांच्या बापाने त्यांच्याशी काय केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आत्या-काका हयात असतील तर त्यांना विचारा. पुष्कळ मुलांना असं विचारल्यावर पहिल्यांदा कळतं, की बाबा ज्या घरातून आले तिथे याहून कितीतरी वाईट होतं, आणि त्यांनी त्यातलं निम्मं आपल्यापर्यंत येऊ दिलं नाही. उरलेलं निम्मं तुमच्याकडे आलंय.

बायकोशी बोलताना बाबांपासून सुरुवात करू नका. ‘काल मी तुझं बोलणं तोडलं, ते चुकलं’ इथून करा. बाबांबद्दल ती स्वतः विचारेल, तेव्हा सांगा. आई असेल, तर तिच्याजवळही एकदा बसा. तिला त्या वर्षांबद्दल बोलायचं असेल तर बोलू द्या, नसेल तर तो तिचा हक्क आहे.